बोटीला पंखा कुठला लावायचा? उजनीवर मोटारबोट चालवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला ऊन आणि चादर आठवते, पण आपल्या जिल्ह्यात भीमेवर उजनीसारखं ११७ टीएमसीचं धरण आहे आणि गेल्या काही वर्षांत हौसेने बोट घेणारे लोक टेंभुर्णी, करमाळा, भिगवण सगळीकडे दिसायला लागलेत. बोट घेतात, इंजिन घेतात, त्यावर लाखांनी खर्च करतात आणि पंखा मात्र जो लागून आला तोच वर्षानुवर्षं चालवतात. मीसुद्धा दोन सीझन तेच केलं. त्यानंतर जे शिकलो ते आणि लोक मला फोनवर, धरणावर भेटल्यावर जे परत परत विचारतात ते इथे एकत्र लिहितोय. प्रॉपेलरला आपल्याकडे सगळे पंखाच म्हणतात म्हणून मीपण पंखाच म्हणणार.

पंख्यावर १० ३/८ × १३ असं काहीतरी कोरलेलंय, त्याचा अर्थ काय?

पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. व्यास म्हणजे पात्यांची टोकं फिरताना जो गोल होतो त्याची रुंदी. पिच म्हणजे पंखा एक फेरा फिरला की किती इंच पुढे सरकायला पाहिजे ते. लाकडात स्क्रू पिळताना एका फेऱ्यात तो जेवढा आत जातो ना, तेच. फरक एवढाच की लाकूड घट्ट असतंय आणि पाणी सरकतं, म्हणून १३ पिचचा पंखा खरोखर १३ इंच कधीच जात नाही, थोडा घसरतोच. त्या घसरण्याला स्लिप म्हणतात, त्याचं गणित खाली दिलंय.

हा आकडा बहुतेक वेळा हबवर, म्हणजे पाती ज्या मधल्या नळीवर बसलेली असतात तिच्यावर, किंवा पात्याच्या मुळाशी असतो. रंग उडाला असेल, घासला गेला असेल तर पार्ट नंबर शोधा, त्यावरून कंपनीच्या यादीत साईज सापडते.

मग माझ्या बोटीला किती पिच पाहिजे? डायरेक्ट सांगा ना.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि डायरेक्ट आकडा मी कुणालाच सांगत नाही, कारण तो बोट न बघता सांगताच येत नाही. एकच टेस्ट आहे. तुम्ही नेहमी जेवढी माणसं, जेवढं पेट्रोल, जेवढं सामान घेऊन फिरता तेवढं बोटीत भरायचं, मोकळ्या आणि खोल पाण्यात जायचं, ट्रिम, म्हणजे इंजिनचा बोटीशी असलेला कोन, नीट सेट करायचा, थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला किती फेरे होतात ते, बघायचं. बस. इंजिनच्या मॅन्युअलमध्ये पूर्ण थ्रॉटलचा रेंज दिलेला असतो, उदाहरणार्थ ५००० ते ६०००, प्रत्येक इंजिनचा वेगळा, आपलं मॅन्युअल उघडून बघायचं. तुमचा आकडा त्या रेंजमध्ये, शक्यतो मधल्या भागात किंवा वरच्या बाजूला आला तर पंखा बरोबर. त्याच्या खाली राहिला तर पिच जास्त झालाय, वर गेला तर कमी पडलाय.

पिच १ इंच बदलला की साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो, कमी केला की आरपीएम वाढतो, वाढवला की कमी होतो. म्हणजे रेंज ५००० पासून सुरू होतोय आणि तुम्हाला ४७०० मिळतायत, तर २ इंच खाली या.

माझं हेच होतं. ४० एचपीचं फोर स्ट्रोक, १६ फुटी फायबर बोट, किनाऱ्यावरून सेकंड हँड आणलेली, विकणाऱ्याने सांगितलं पंखा एकदम परफेक्ट आहे बघायची गरज नाही. सहा माणसं बसली की ४७०० च्या वर काटा जायचाच नाही, बोट नाक वर करून पाणी ढकलत राहायची, प्लेनवर यायला, म्हणजे वेग घेऊन पाण्याच्या वर उचलून पळायला, एवढा वेळ की मागची माणसं भिजून जायची. मला वाटायचं इंजिन थकलंय. प्लग बदलले, फिल्टर बदलले, मेकॅनिकला दोनदा टेंभुर्णीपर्यंत गाडीभाडं देऊन नेलं. शेवटी १३ काढून ११ पिच लावला आणि त्याच सहा माणसांत ५१०० मिळाले.

पण पिच कमी केला तर स्पीड कमी होणार ना?

कागदावर हो. पाण्यावर बऱ्याचदा नाही.

ऊस भरलेला ट्रॅक्टर कारखान्याच्या चढाला लागलाय आणि ड्रायव्हरने टॉप गिअर टाकलाय असं समजा. गिअर मोठा म्हणून स्पीड मिळतो का? इंजिन गुदमरतं, काळा धूर सोडतं आणि ट्रॉली मागे यायला लागते. एक गिअर खाली टाकला की तोच ट्रॅक्टर बिनबोभाट चढतो. पिच म्हणजे तुमच्या बोटीचा गिअर, आणि बोटीला गिअर एकच असतो, चालत्या पाण्यात बदलता येत नाही, म्हणून तो आधीच विचार करून निवडावा लागतो.

माझ्याकडे १३ पिचला भरल्या बोटीत जीपीएसवर ३३ चा स्पीड मिळायचा, ११ ला ३४. म्हणजे पिच २ इंच कमी होऊन स्पीड उलट एक किलोमीटरने वाढला, आणि प्लेनवर बोट निम्म्याहून कमी वेळात येते हा खरा फायदा. एकटा गेलो तर मात्र १३ वर थोडा जास्त स्पीड मिळतो हे खरंय, पण मी एकटा वर्षातून दोनदा जातो.

आरपीएम थोडा कमी राहिला तर काय बिघडतं? उलट इंजिन आरामात चालतंय की.

नाही ओ, हा गैरसमज लई जणांचा आहे आणि इंजिन यातच जातात. आरपीएम कमी म्हणजे आराम नाही. थ्रॉटल पूर्ण उघडाय, पेट्रोल पूर्ण जातंय आणि पंखा जड असल्यामुळे इंजिनला फिरताच येत नाहीये, म्हणजे सगळा ताण पिस्टन, रिंग आणि बेअरिंगवर. उष्णता वाढते, कार्बन साचतो, डिटोनेशन होऊन, म्हणजे पेट्रोलचा आत अवेळी भडका उडून, पिस्टनला भोक पडू शकतं. वाईट गोष्ट ही की आवाजावरून कळत नाही, गुरगुरत चालतंय, ऐकायला बरं वाटतं.

उलट बाजूला आरपीएम रेंजच्या वर गेला तर ते निदान ऐकू येतं. नवीन इंजिनला लिमिटर असतो, तो मधेच कट मारतो, बोट ठसके देत चालते. जुन्या टू स्ट्रोकला लिमिटर नसला तर मात्र सांभाळून, तिथे इंजिन स्वतःला तोडून घेतं.

माझ्या इंजिनला आरपीएम मीटरच नाहीये.

मग आधी तो घ्या, पंखा नंतर. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा डिजिटल मीटर मिळतो, स्वस्त असतो, लावायला दहा मिनिटं लागतात. त्यात इंजिनच्या सिलिंडर आणि स्ट्रोकप्रमाणे सेटिंग बरोबर करा, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दाखवेल आणि तुम्ही भलताच पंखा घेऊन याल. अंदाजाने, कानाने आरपीएम सांगणारे धरणावर खूप भेटतील, त्यांचा मान ठेवा पण मीटर लावा.

आणि घरी इंजिनचा खालचा भाग पिंपात बुडवून, इंजिन चालवून आरपीएम मोजू नका. पिंपातलं पाणी गोल फिरतं, त्यात हवा मिसळते, आकडा काही कामाचा येत नाही, आणि पंखा लावून पिंपात जोरात चालवणं धोक्याचंही आहे.

कोकणात हीच बोट, हाच पंखा मस्त चालायचा, उजनीवर आणल्यावर मरगळली. का?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण याचं उत्तर आपल्या जागेत आहे. उजनीचं धरण भरलेलं असताना पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण ४९७ मीटरवर असते, म्हणजे सोळाशे फुटांच्या आसपास. साध्या इंजिनची ताकद दर हजार फुटाला साधारण ३ टक्क्यांनी कमी होते कारण हवा विरळ होते. म्हणजे जवळपास ५ टक्के इथेच गेले, तुमचं ४० एचपी इथे ३८ चं झालं. त्यात आपला एप्रिल-मे, पारा चाळिशीच्या वर, तापलेली हवा अजून विरळ, अजून थोडी ताकद गेली. किनाऱ्यावर जो पंखा रेंजच्या खालच्या टोकाला बसत होता तो इथे रेंजच्या बाहेर पडतो.

म्हणून किनाऱ्यावरून आणलेल्या बोटीला इथे बहुतेक वेळा एक इंच तरी कमी पिच लागतो. टेस्ट करूनच ठरवा, पण अंदाज तोच ठेवा. आणि टेस्ट जानेवारीच्या गार सकाळी करून पंखा घेऊ नका, तेव्हा इंजिन फुल ताकदीत असतं. तुम्ही उन्हाळ्यात पाहुणे घेऊन फिरणार असाल तर उन्हाळ्यातच टेस्ट करा.

अजून एक, समुद्रावरून आलेल्या इंजिनला झिंकचा अॅनोड असतो, म्हणजे इंजिनऐवजी स्वतः गंजून जाणारा धातूचा तुकडा, गोड्या पाण्यात तो नीट काम करत नाही, त्याच्या जागी मॅग्नेशियमचा लावतात. पंख्याचा विषय नाही पण पंख्यामागेच असतो म्हणून सांगितलं.

स्लिपचं गणित काय आहे?

आरपीएम गुणिले पिच गुणिले ०.००१५२४, आणि त्याला गिअर रेशोने, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनचे किती फेरे होतात त्या आकड्याने, भागायचं. येणारा आकडा म्हणजे पाणी अजिबात घसरलं नसतं तर ताशी किती किलोमीटर गेलो असतो. त्यातून जीपीएसचा खरा स्पीड वजा करा, उरलं ते घसरणं, त्याची टक्केवारी काढा.

माझ्या बोटीचा गिअर रेशो २. जुना पंखा: ४७०० गुणिले १३ गुणिले ०.००१५२४ भागिले २, म्हणजे ४६.६. खरा स्पीड ३३. स्लिप जवळपास २९ टक्के. नवीन पंखा: ५१०० आणि ११ टाकले की येतात ४२.७, खरा ३४, स्लिप २० टक्के. प्लेनिंग करणाऱ्या हौशी बोटीला साधारण १० ते २० टक्के चांगला मानतात, भरलेली बोट असली की थोडा वर जातो. पसरट, जड, तराफ्यासारख्या बोटींना याहून जास्त येतो, त्यांनी घाबरू नये.

स्पीड मोबाईलच्या जीपीएसवर घ्या, पण एकदा वाऱ्याच्या दिशेने आणि एकदा वाऱ्याविरुद्ध जाऊन सरासरी काढा. उजनीवर दुपारनंतर जो वारा सुटतो त्यात एका बाजूचा आकडा धरला तर गणित साफ चुकतं. आणि स्लिप उणे आली, म्हणजे बोट गणितापेक्षा जास्त पळाली, तर खुश होऊ नका, पिच, गिअर रेशो किंवा आरपीएम यातला कुठला तरी आकडा चुकीचा धरलाय.

अॅल्युमिनियम की स्टेनलेस स्टील?

उजनीसाठी माझं मत स्पष्ट आहे: अॅल्युमिनियम, आणि सोबत एक स्पेअर.

स्टेनलेस चांगला नाही असं नाही. पातं पातळ करता येतं, जोर पडला तरी वाकत नाही, लाटेत पाणी धरून ठेवतो, स्पीड थोडा वाढतो, वर्षानुवर्षं टिकतो. मोठ्या एचपीच्या इंजिनला तोच शोभतो. पण उजनीच्या पाण्याखाली काय आहे ते आठवा की. जुनी गावं आहेत, विहिरींचे कठडे, बांध, बाभळीची खोडं. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं मंदिर पाणी उतरलं की वर येतं, लोक फोटो काढायला जातात. मंदिर दिसतं म्हणून कळतं, पण त्याच्या आजूबाजूला जे दिसत नाही ते तुमच्या पंख्याची वाट बघत बसलेलं असतं. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे उपयुक्त साठा संपला, की जिथे महिन्यापूर्वी वीस फूट पाणी होतं तिथे तीन फूट उरतं.

अशा ठिकाणी अॅल्युमिनियमचं पातं दगडाला लागलं की वाकतं, तुटतं, आणि त्यात धक्का खाऊन टाकतं. स्टेनलेस वाकत नाही, मग धक्का पुढे शाफ्टला, गिअरला जाऊ शकतो. हबमधला रबर घसरून वाचवतो, तो त्यासाठीच असतो, पण प्रत्येक वेळी वाचवेलच असं नाही. पंख्याचा खर्च आणि गिअरबॉक्सचा खर्च यात किती फरक आहे ते तुमच्या मेकॅनिकला विचारा.

प्लॅस्टिकसारख्या कंपोझिटचे पंखेपण येतात, काहींची एकेक पाती बदलता येतात. स्पेअर म्हणून ठीक, घरी पोचवतो.

तीन पाती की चार?

हौसेच्या बोटीला तीन पाती पुरतात. चार पात्यांनी बोट प्लेनवर लवकर येते, कमी स्पीडला प्लेनवर टिकून राहते, वळणावर पाणी कमी सोडते, थरथर कमी होते, आणि टॉप स्पीड थोडा जातो. नेहमी माणसं भरून फिरणाऱ्यांनी, स्की किंवा ट्यूब ओढणाऱ्यांनी चारचा विचार जरूर करावा. तीनवरून चारवर जाताना पिच साधारण एक इंच कमी घ्यायचा, कारण जास्तीच्या पात्याचं ओझं इंजिनवर येतंच.

व्यास बदलून बघू का?

नको. कंपनी पिचप्रमाणे व्यास ठरवूनच पंखा बनवते, पिच कमी तर व्यास थोडा मोठा, पिच जास्त तर थोडा लहान. तुम्ही पिच निवडा, व्यास त्याच्या मागे येतो.

ऑनलाइन मागवला तर बसेल का?

इंजिनचा ब्रँड, एचपी, मॉडेल आणि वर्ष जुळवल्याशिवाय मागवू नका. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी, होंडा, तोहात्सू प्रत्येकाची शाफ्टवरच्या दात्यांची संख्या आणि जाडी वेगळी असू शकते, एकाच ब्रँडमध्ये एचपी बदलला की बदलते. जुना पंखा काढून आतले दाते मोजा. धूर हबमधून बाहेर पडतो की नाही तेही बघा. काही पंख्यांना हब किट वेगळं घ्यावं लागतं, ते घेतलं नाही तर पंखा हातात आणि बोट काठावर अशी अवस्था होते, सोलापुरात कोपऱ्यावरच्या दुकानात हे मिळणारं सामान नाही. फिरण्याची दिशाही तपासा. एकच इंजिन असलं तर बहुतेक वेळा उजवा, म्हणजे मागून बघितलं की पुढे जाताना घड्याळाच्या दिशेने फिरणारा.

वळण घेताना इंजिन एकदम किंचाळतं आणि बोटीचा जोर जातो. पंखा खराब झालाय?

बहुतेक पंखा हवा ओढतोय. वरच्या पाण्यातून किंवा धुरातून हवा पात्यांत शिरते, पाती पाण्याऐवजी हवेत फिरतात, आरपीएम उडतो. याला व्हेंटिलेशन म्हणतात. लोक याला कॅव्हिटेशन म्हणतात पण ते वेगळं. कॅव्हिटेशनमध्ये पात्याच्या पाठीवर दाब एवढा कमी होतो की पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन बुडबुडे बनतात आणि ते फुटताना धातू खातात. पात्यावर खवल्यासारखे बारीक खड्डे दिसले तर ते कॅव्हिटेशन. विहिरीवरच्या पंपाचा इंपेलर असा खाल्लेला तुमच्यातल्या शेतकऱ्यांनी बघितलेला असेल, तोच आजार.

हवा ओढत असेल तर आधी इंजिनची उंची बघा. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती बोटीच्या तळाच्या लेव्हलला किंवा फार तर एक इंच वर असावी. माझ्या ओळखीत दोन बोटी अशा होत्या की मालक नवीन पंखा घ्यायला निघाले होते आणि इंजिन एक भोक खाली बोल्ट केल्यावर प्रश्न संपला. मग ट्रिम बघा, वळणावर थोडा आत घ्या. तरी राहिलं तर कप असलेला पंखा घ्या, म्हणजे पात्याची मागची कड किंचित वळवलेली असते, ती पाणी पकडून ठेवते. कप असला की आरपीएम थोडा कमी होतो, पिच ठरवताना ते धरा.

सरळ जातानासुद्धा आरपीएम वाढतो पण बोट पळत नाही.

हबमधला रबर सुटला असेल. शाफ्ट फिरतो, पंखा त्याच्याबरोबर पूर्ण फिरत नाही. हळू चालवलं तर ठीक, जोर दिला की घसरतं, ही खूण. खात्री करायची असेल तर आतल्या हबपासून बाहेरच्या नळीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा, एक फेरी मारून या. रेघ तुटून दोन तुकडे दोन जागी दिसले तर रबर गेला. हळूहळू काठावर या आणि पंखा रिपेअरला द्या किंवा बदला.

जलपर्णीत पंखा अडकतो, काय करू?

पुण्याकडून येणाऱ्या पाण्याने उजनीत जलपर्णी किती माजते ते सांगायला नको. तिच्या मुळ्या पंख्याला दोरखंडासारख्या गुंडाळतात आणि इंजिनची पाणी ओढायची जाळी बंद करतात, मग इंजिन तापतं. मागे झुकलेल्या पात्यांचा, वीडलेस म्हणतात तो पंखा त्यातल्या त्यात बरा, छोट्या इंजिनांना मिळतो, पण हिरव्या गालिच्यातून बोट न्यायचीच नाही हे उत्तम. अडकलाच तर न्यूट्रल करून क्षणभर रिव्हर्स द्या, बरंचसं सुटतं. नाही सुटलं तर इंजिन बंद, किल स्विचची (ओढली की इंजिन बंद पाडणाऱ्या स्विचची) दोरी काढलेली, इंजिन वर टिल्ट, आणि मगच हात लावायचा. इंजिन चालू असताना न्यूट्रलच्या भरवशावर पंख्याजवळ हात घालणाऱ्याला मी बोटीत घेत नाही.

कोळ्यांची जाळी हा त्याहून नाजूक विषय आहे. जाळं त्यांच्या पोटाचं साधन आहे, बोय, म्हणजे जाळ्याची खूण म्हणून तरंगणारा गोळा, दिसला की लांबून जा. जाळ्याचा नायलॉन पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळला तर तो वितळून, घासून सील कापतो आणि गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं. ऑइल दुधाळ दिसलं तर समजा तेच झालंय.

पंखा घरी कसा काढायचा?

किल स्विचची दोरी काढा, प्लगच्या वायरी काढा, गिअर न्यूट्रल. पातं आणि वरच्या प्लेटच्या मधे लाकडाचा ठोकळा अडकवा म्हणजे नट फिरवताना पंखा फिरणार नाही. वाकवलेली पिन सरळ करून ओढा, नट काढा, वॉशर, स्पेसर ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने कापडावर मांडा आणि मोबाईलवर फोटो काढा. पंख्याच्या पुढे, गिअरबॉक्सच्या बाजूला एक जाड थ्रस्ट वॉशर असतो, तो विसरला किंवा उलटा बसला तर पंखा गिअरबॉक्सला घासतो. बसवताना शाफ्टच्या दात्यांना पाण्यात न धुपणारं मरीन ग्रीस भरपूर लावा, नाहीतर पुढच्या वर्षी पंखा निघणार नाही. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा, पिन प्रत्येक वेळी नवीन. छोट्या जुन्या इंजिनांना शिअर पिन असते, दगड लागला की तीच तुटते, दोन जादा पिना डब्यात ठेवा. तिच्या जागी खिळा मारू नका. खिळा तुटत नाही, गिअर तुटतो.

वाकलेला पंखा एमआयडीसीत ठोकून सरळ करून मिळेल का?

छोटे दात पडले असतील तर कानस घेऊन स्वतः साफ करा, सगळ्या पात्यांवर सारखं. पण वाकलेलं पातं हातोडीने सरळ करणं मला पटत नाही. आपल्याकडचे फॅब्रिकेशनवाले हुशार आहेत, काहीही वेल्ड करून देतात, पण पात्याचा पिच मुळापासून टोकापर्यंत बरोबर यावा लागतो, त्याला त्या पिचचा साचा लागतो आणि नंतर बॅलन्सिंग लागतं. नजरेला सरळ दिसणारा पंखा पाण्यात थरथरतो आणि ती थरथर महिनोन्‌महिने शाफ्टच्या बेअरिंग आणि सीलला खाते. वेल्ड केलेलं अॅल्युमिनियम त्या जागी कमजोरही होतं. घरी तपासायची सोपी पद्धत म्हणजे पंखा सपाट फरशीवर ठेवा आणि प्रत्येक पात्याची कड फरशीपासून एकाच जागी किती उंच आहे ते पट्टीने मोजा. आकडे जुळले नाहीत तर वाकलाय. असा पंखा मी स्पेअर म्हणूनसुद्धा ठेवत नाही.

चार जणांची बोट आहे, आठ जण बसवायचेत, कमी पिचचा पंखा लावला तर चालेल ना?

नाही. पंखा ओढून नेईल, पण बोट वाचवणार नाही. पंखा इंजिनवरचं ओझं ठरवतो, बोटीची क्षमता नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जण गेले. ती बातमी आली त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्या पाण्यावरून मी कितीतरी वेळा गेलोय. बोटीवर जेवढी माणसं लिहिलीत त्यापेक्षा एक जास्त नाही, प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट, सीटखाली दाबलेलं नाही, अंगात. आणि वारा सुटलाय असं वाटलं तर पाणी सोडा.

पोहायला उतरणार असाल तर इंजिन बंद करा, न्यूट्रल पुरत नाही, मुलं शिडीजवळ आली की मी चावीच खिशात टाकतो. पंख्याभोवती लावायची जाळी मिळते, तिने स्पीड आणि वळण दोन्ही थोडं बिघडतं, पण लहान मुलं नेहमी बोटीत असतील तर लावा.

परवानगी लागते का?

इंजिनवाल्या बोटीला नोंदणी आणि सर्व्हेचा कायदा आहे, इनलँड व्हेसल्स अॅक्ट २०२१. धरणाच्या पाण्यात बोट सोडण्याआधी जलसंपदा खात्याच्या स्थानिक ऑफिसला जाऊन विचारा, हिप्परगा तलावासारख्या पाणीपुरवठ्याच्या तलावात तर नक्कीच. भिगवणकडे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, उथळ पाण्यात, तिकडे मोटार घेऊन अजिबात जायचं नाही, पक्षी उडतात आणि पंखापण गाळात रुततो.

एकच पंखा ठेवू की दोन?

दोन. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहुणे भरून फिरायला ११ आणि दिवाळीनंतर गारव्यात दोघंतिघं लांब जाणार असलो तर १२, असं मी करतो, आणि जो लावलेला नाही तोच बोटीतला स्पेअर. त्याच्यासोबत एका डब्यात नटाचा पाना, लाकडी ठोकळा, दोन नवीन पिना, थ्रस्ट वॉशर, ग्रीसची पुडी आणि पक्कड. पाना आधी घरी नटावर लावून बघा. कुगावच्या बाजूला एकदा माझा पंखा बांधाला लागला, स्पेअर होता, पाना होता आणि तो एक साईज लहान होता. काठावरच्या एका कोळीदादांनी त्यांच्या पेटीतून बरोबर साईजचा काढून दिला, पंधरा मिनिटांत पंखा बदलला, पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन गेलो. तेव्हापासून त्याच साईजचा एक पाना माझ्या डब्यात आहे, त्याला लाल फीत बांधलीये म्हणजे अंधारातही हाताला लागतो.